पायऱ्यांखालचं घर

आमच्या घराचं छत तिरकं होतं आणि त्याच्यावर माणसं बसत. शाळेत हे सांगितलं की मुली हसायच्या, पण त्यात थाप काही नव्हती. बहारिनमध्ये सनाबिसच्या कडेला, समुद्र तेव्हा जिथपर्यंत यायचा तिथून हाकेच्या अंतरावर, लीगच्या दुसऱ्या वर्गात खेळणाऱ्या एका छोट्या फुटबॉल क्लबाचं जुनं मैदान होतं. त्याला एकाच बाजूला प्रेक्षकांसाठी पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांच्या पोटात दोन खोल्या. रस्त्याकडच्या खोलीत सरळ उभं राहता यायचं. मैदानाकडच्या खोलीत छत उतरत उतरत खाली येई, तिथे बाबा वाकून चालत आणि मी बसूनच वेणी घाली. बाबा मैदानाचे राखणदार, माळी, रंगारी, सगळं काही होते. ते, आई आणि मी, आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत राहात होतो. राखणदाराला एक खाट मिळते, कुटुंब नाही. पण क्लबाच्या अध्यक्षांनी बाबांचं काम बघून आमचा दोघींचा व्हिसा स्वतःच्या जबाबदारीवर काढून दिला होता. ही गोष्ट आई महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवी, म्हणजे आम्ही कुणी विसरायला नको.

मॅच शुक्रवारी दुपारनंतर असे. आई सकाळपासून मोठ्या टोपात हरभरे शिजवायला घाली. तिथले लोक ते नुसते मीठमिरचीचे खात. आईनं त्यात कांदा, थोडं सुकं खोबरं आणि गावाहून आलेली कोकमाची दोन सोलं टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात पायऱ्यांवरची माणसं खेळापेक्षा टोपाची चौकशी जास्त करायला लागली. मैदानाकडच्या खोलीच्या बाजूच्या भिंतीत हातभर रुंदीची खिडकी होती, तिथून आम्ही हरभरे आणि दुधाचा चहा देत असू. त्या खिडकीतून मैदानाचा फक्त एक कोपरा दिसायचा. बाकीचा खेळ आम्ही छतावरून ऐकायचो. आमच्या संघानं गोल केला की शे-दोनशे माणसं एकदम पाय आपटत, छतातून सिमेंटची पूड गळे आणि आई त्याआधीच टोपावर झाकण सरकवून मोकळी झालेली असे. समोरच्यांनी गोल केला तर वर एकदम सामसूम. "गेला," आई म्हणायची आणि पळीनं ढवळायला लागायची. चेंडू डोळ्यांनी न बघता तिला खेळ कळायचा, आणि बाबांना हे तिचं कळणं फार आवडायचं.

मैदान जुनं होतं, म्हणजे तिथल्या हिशेबानं जुनं. अध्यक्ष अबू जासिम सांगायचे की त्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी समुद्रातला दगड गाढवांवरून आणून खालच्या चार पायऱ्या रचल्या, आणि सिमेंटच्या वरच्या पायऱ्या पुढे पैसे आले तेव्हा झाल्या. बसायच्या फळ्या मासेमारीच्या मोडलेल्या मचव्यांच्या होत्या, कुठे कुठे खिळ्यांची गंजकी भोकंसुद्धा तशीच. उन्हात त्या फळ्यांना माशाच्या तेलाचा वास सुटे आणि पहिल्यांदा आलेला माणूस जागा बदलत बसे. गोलफलक हातानं लावायचा होता, लाकडी पाट्या खिळ्याला अडकवून. बाबा नोकरीला लागले त्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी दोन्ही बाजूंना शून्याची म्हणून छानपैकी गोल पाटी लावली. पायऱ्यांवर हसण्याचा गदारोळ उठला. अरबी आकड्यांत गोल म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. खेळ सुरू व्हायच्या आधीच बाबांनी पाच-पाच गोल करून ठेवले होते. बाबा चौथी शिकलेले, तीही मराठीतून. ते नंतर कितीतरी दिवस म्हणत, "आपलं शून्य यांच्यात पाच, मंग यांचं काय काय आपल्यात शून्य आसंल!" क्लबात त्यांना सगळे 'बांडू' म्हणत. नाव पांडुरंग, पण तिथल्या माणसांना प म्हणता यायचा नाही.

मैदानावर गवत नव्हतं. खारट वाळू होती, आणि दुसऱ्या वर्गाचे सगळे क्लब तेव्हा वाळूतच खेळत. चेंडू टप्पा खाऊन कुठे जाईल ते देवाला ठाऊक. बाबांनी पहिले आठ दिवस नुसतं बघितलं आणि मग अध्यक्षांकडे दोन ट्रक माती मागितली. आमचं गाव राजापूरकडे. भात झोडायच्या आधी तिथे खळं करतात, म्हणजे माती पसरायची, पाणी मारायचं आणि लाकडी चोपण्यानं ती चोपून चोपून अशी घट्ट करायची की दाणा पडला तर उडून दिसावा. बाबांना मैदान करायची एवढी एकच रीत ठाऊक होती. मचव्याच्या फळीतून त्यांनी दोन चोपणी तासली, आणि पुढच्या तीन हिवाळ्यांत ते सबंध मैदान हात हात करून चोपलं. सारवायला शेण मिळेल का, असंही त्यांनी एकदा अध्यक्षांना विचारलं होतं. शेण कशाला ते बाबा समजावत असतानाच अबू जासिम इतके घाबरले की तो विषय तिथेच खलास झाला. पण चेंडू सरळ जायला लागला. बाहेरून येणारे संघ हरले की मैदानाच्या नावानं ओरडत, आणि बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "नाचता येईना अंगण वाकडं." ही म्हण त्यांनी एवढ्या वेळा वापरली की युसूफ नावाचा आमच्या संघातला डाव्या बाजूनं पळणारा पोरगा तिचा पहिला शब्द शिकला. हरलेल्या संघाकडे बोट करून तो "नाच्ता, नाच्ता" म्हणायचा.

बाबांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मैदानात कुठे माती बदललेली दिसली की ते वाकून चिमूटभर उचलत आणि जिभेला लावत. आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं होतं. गोडं पाणी टँकरनं यायचं, ते टाकीतून पाइपानं मैदानाच्या डाव्या कडेनं जायचं, आणि मैदानावर तेवढंच मारायचं. खाऱ्या विहिरीचं पाणी धुण्याभांड्याला. खाऱ्या पाण्यानं चोपलेली माती फुगते आणि वरून वाळल्यासारखी दिसली तरी आतून दिवसभर लिबलिबीत राहते. बाबांनी हे सुरुवातीलाच चूक करून शिकून घेतलं होतं. म्हणून खाऱ्या पाण्याच्या कॉकला कुलूप, आणि त्याची किल्ली स्वयंपाकाच्या खोलीत खिळ्याला.

मी अकरावीत होते त्या वर्षी आमचा संघ जिंकायला लागला. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दरवर्षी मधल्या कुठल्यातरी नंबरावर राहणारा संघ तो. पण युसूफचे पाय त्या वर्षी जमिनीला लागत नव्हते. फेब्रुवारी संपता संपता अबू जासिम एका संध्याकाळी खिडकीशी आले, चहा घेतला, आणि आत न येता बाहेरूनच बाबांशी बोलले. बोलणं त्यांच्या हिंदीत होतं, त्यामुळे आम्हा दोघींना सगळं कळलं.

"बांडू, लास्ट मॅच जीता तो हम फर्स्ट में जाएगा. इंशाल्ला."

"इंशाल्ला," बाबा म्हणाले. खूश होते ते.

"फर्स्ट में जाएगा तो मॅच बडा स्टेडियम में. ये जगह जिसका है, वो बोलता है, खाली करो. यहाँ खलास."

अबू जासिम पेल्याकडे बघत राहिले. "तुम्हारा काम है, बांडू. नया ऑफिस में. लेकिन एक आदमी का रूम. मॅडम और बच्ची का विसा... मैं क्या बोलूँ? जून तक है. उसके बाद मफी." मफी म्हणजे नाही, एवढं अरबी आम्हालाही यायचं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं, आणि त्याच आवाजात शेवटची मॅच जिंकायची घाईही होती.

असं ते सरळ आणि विचित्र होतं. जिंकलं तर आम्ही गावी आणि बाबा इथे एका खाटेवर, हरलं किंवा बरोबरी झाली तर सगळं आहे तसं. समोरच्या संघाला नुसती बरोबरी पुरत होती. माझं बारावीचं वर्ष पुढे होतं. गावी गेले असते तर मराठी शाळेत बारावीला बसायचं, नाहीतर शिक्षणच सोडायचं, आणि आमच्याकडे मुलीचं शिक्षण सुटलं की त्यापुढे काय असतं ते कुणी सांगायला नको. पण खरं सांगायचं तर तेव्हा मी शिक्षणाचा विचार करत नव्हते. बाबा एकटे जेवायला बसलेत हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यांना चहासुद्धा धड करता यायचा नाही.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी आईनं नारळ काढला. मनामातून आणलेला महाग नारळ, चटणीसाठी जपून ठेवलेला. भिंतीवरच्या फळीपुढे, जिथे गावच्या देवीचा फोटो होता, तिथे तो ठेवून ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. आमच्याकडे काही मागायचं असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. होकार देणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे. एरवी गाऱ्हाणं पुरुष घालतात, पण आईनं त्या दिवशी कुणाची वाट बघितली नाही.

"बा देवा म्हाराजा," तिनं सुरुवात केली, "आज हे लेकरू तुज्या पायाशी उबं हाय. ह्या परमुलखात तू आमाला आसरा दिलास. तो मोडू नको. उंद्या ह्यांचा संघ जिंकाय नको, म्हाराजा."

मी बाबांकडे बघितलं. ते खाली बसून गोलफलकाच्या पाट्या पुसत होते. होकार आला नाही. आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"मी म्हननार नाय," बाबा म्हणाले.

"का नाय?"

"ज्येंचं खातो त्येंचं वाईट मागू? ती पोरं माज्या भुईवर खेळत्यात."

"तुमची भुई! तुमची भुई म्हनं. उंद्या तुमाला तिथनं उठवतील आनि पोरीला गावाला धाडतील, तवा भुई येल जेवू घालायला?"

बाबांनी पाट्या उचलल्या आणि बाहेर गेले. आई हात जोडून तशीच उभी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला घाबरलेलं बघत होते. गाऱ्हाणं अर्धवट टाकून चालत नाही. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आईनं माझ्याकडे वळून बघितलं नाही, पुढचं वाक्य म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. पाच-सहा वेळा म्हटलं. शेवटी नारळ फोडताना ती पुटपुटली, "बाप्यानं म्हनायला हवं व्हतं. पोरीबाळीचं देव धरतो का नाय कुनास ठाऊक." त्या एका वाक्यानं मी रात्रभर तळमळत राहिले. देव आपलं धरणार नसेल तर आपणच काहीतरी करायला हवं, हे सोळाव्या वर्षी माणसाला फार स्वच्छ दिसतं.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला सगळीकडे शांत होतं. बाबा खुर्च्या आणायला अबू जासिमच्या घरी गेले होते. आई आत हरभऱ्यांना फोडणी देत होती, आणि तेलाच्या चरचरीत तिला बाहेरचं काही ऐकू येत नसे. मी किल्ली काढली, खाऱ्या विहिरीचा कॉक उघडला आणि रबरी नळी खिडकीसमोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेली. डाव्या बाजूनं पळणाऱ्या युसूफला एका हाफमध्ये तरी याच कोपऱ्यातून गोलाकडे जावं लागणार होतं. त्याचा पाय रुतला की संपलं. मी साधारण दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद एवढी जागा भिजवली. पाणी आधी वरून वाहून गेलं, कारण बाबांचं चोपणं असं होतं की पाणी आत शिरायला तयार नव्हतं. मग मी पायाच्या टाचेनं ती माती जागोजागी फोडली. तीन हिवाळ्यांचं काम होतं ते. टाच दुखायला लागली तरी मी फोडत होते आणि रडत होते, आणि मला नीट आठवतं, मला राग बाबांचाच आला होता. मग पाणी शिरलं. वरून मी सुकी वाळू भुरभुरली, नळी गुंडाळली, किल्ली खिळ्याला लावली आणि हातपाय धुऊन आईला कांदा चिरून दिला.

पायऱ्यांवर त्या दिवशी एवढी माणसं आली की छताच्या एका भेगेतून सारखी पूड पडत होती. आईनं टोपावर झाकण ठेवलं आणि त्यावर पाटा ठेवला. पहिला हाफ वरच्या आवाजांवरून कळत होता. ओरडणं, हळहळ, टाळ्या, पुन्हा हळहळ, पण पाय आपटणं नाही आणि सामसूमही नाही. "कुनाचाच नाय अजून," आई म्हणाली. दुसऱ्या हाफमध्ये युसूफ माझ्या खिडकीतून दिसायला लागला. पहिल्यांदा तो चेंडू घेऊन आला तेव्हा त्याचा पाय घसरला आणि तो कोपरावर पडला. उठून त्यानं बुटाच्या तळव्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. दुसऱ्यांदा चेंडूच पायातून मागे राहिला. वर लोक चिडले. मी खिडकीच्या कडेला नखं रुतवून उभी होते. माझं गाऱ्हाणं लागू पडत होतं, आणि मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या मुलाच्या कोपराचं रक्त मला तिथून दिसत होतं.

शेवटची काही मिनिटं उरली असतील. समोरच्या संघाला वेळ काढायचा होता. त्यांचा एक उंच खेळाडू आमच्या कोपऱ्यात चेंडू अडवून उभा राहिला, युसूफ अंगावर येताना बघितला आणि आरामात आपल्या गोलकीपरकडे चेंडू ढकलला. चेंडू माझ्या भिजवलेल्या मातीत गेला आणि थांबला. नुसता थांबला, उखळात पडल्यासारखा. गोलकीपर पुढे धावला आणि त्याच्या दोन्ही पायांखालून जमीन सरकली. युसूफला तो कोपरा एव्हाना पाठ झाला होता. तो कडेकडेनं, कोरड्या पट्टीवरून आला, एक पाय चिखलात टाकला आणि चेंडू रिकाम्या गोलात लोटला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

छत कोसळतंय असं वाटलं. आई पळी हातात धरून वर बघत राहिली. तिच्या केसांवर, खांद्यांवर पांढरी पूड पडली. "आपला," ती म्हणाली, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. मी खिडकीतून वाकून गोलफलकाकडे बघितलं. बाबा शिडीवर चढले होते. त्यांनी ठिपक्याची पाटी काढली, एकाची पाटी अडकवली, मागे झुकून ती तिरकी तर नाही ना बघितलं, आणि बोटानं थोडी सरळ केली.

शिट्टी झाल्यावर पळापळ झाली. समोरच्या संघाची माणसं आमच्या कोपऱ्यात गोळा झाली. मॅचवर देखरेख करायला आलेला अधिकारी हातात वही घेऊन तिथे आला, अबू जासिम आले, बाबांना हाक मारली गेली. हे सगळं माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. समोरचे लोक सांगत होते की क्लबानं मुद्दाम मैदान भिजवलं. इतकी वर्षं हरणारे मैदानाला नावं ठेवत आणि बाबा हसत. त्या दिवशी मात्र अंगण खरोखरच वाकडं होतं.

"बानी किसने मारा?" अधिकाऱ्यानं बाबांना विचारलं. "सच बोलो. कोई जानबूझ के मारा, तो मॅच कॅन्सल. दूसरा ग्राउंड में फिर से होगा."

मी खिडकीतून आणखी पुढे वाकले. मॅच पुन्हा होईल. पुन्हा बरोबरी होऊ शकेल. बाबांनी फक्त 'कुणीतरी मारलं' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाबा खाली वाकले. त्यांनी चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली. मग ते तसेच वाकलेले राहिले, उठायला त्यांना जरा वेळ लागला. उठल्यावर त्यांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. रागानं नाही. मी गावाला तापात पडले असताना ते जसे दाराशी येऊन बघत, तसं. खाऱ्या विहिरीची किल्ली कुठे असते ते त्यांना ठाऊक होतं, आणि देवाला गाऱ्हाणं घातल्यावर आई तिला हात लावणार नाही हेही.

"पाइप लीक," बाबा म्हणाले. "मीठा पानी का पाइप इधर से जाता है. मेरा गलती, साब. मैं देखा नहीं."

"तुम तीन साल से रोज देखता है, बांडू," अबू जासिम हळूच म्हणाले.

"आज नहीं देखा."

समोरच्या संघाचा मोठा माणूस अरबीत काहीतरी बोलला. त्यातला एक शब्द मला कळला, गाढव. बाबांनाही कळला असणार. ते हात मागे बांधून उभे राहिले. अधिकाऱ्यानं टाचेनं माती उकरली, वहीत लिहिलं, आणि निकाल कायम केला. वर अजून लोक नाचत होते. संध्याकाळी बाबा घरात आले, खिळ्यावरची किल्ली काढली, तिच्यावर सुकलेलं मीठ लुंगीच्या टोकानं नीट पुसलं, पुन्हा खिळ्याला लावली आणि म्हणाले, "हरबरं उरलं असतील तर वाढ गो." आई भांडं आपटत वाढत होती. "काल व्हय म्हाराजा म्हटलं असतंत तर आज ही पाळी नसती," ती म्हणाली. बाबा जेवत राहिले.

जूनमध्ये आमच्या दोघींचं विमान होतं. आदल्या सकाळी आई कुणाकुणाचा निरोप घ्यायला गेली, तेव्हा बाबांनी मला मैदानात बोलावलं. त्यांनी त्या कोपऱ्यात माती टाकून ठेवली होती, गोडं पाणी मारलं होतं, आणि दोन्ही चोपणी बाहेर काढली होती. उन्हं चढायला लागली होती. एक चोपणं त्यांनी माझ्या हातात दिलं.

"ज्येनं मोडलान त्येनं करायचं," ते म्हणाले.

"बाबा, इथं आता कोण खेळणार आहे? पुढच्या आठवड्यात बुलडोझर येणार."

"खेळायसाठी नाय. तशी टाकून जायाची नाय भुई."

आम्ही शेजारी शेजारी बसून चोपत राहिलो. त्यांचा ठोका एका लयीत, माझा वेडावाकडा. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत? मॅच पुन्हा झाली असती. आपण राहिलो असतो."

"काय सांगू? माज्या पोरीनं खळ्यात खारं पानी सोडलान म्हनून?" त्यांनी चोपणं थांबवलं नाही. "तुला जलमभर लबाड म्हनतील, त्यापरीस मला चार दीस गाढव म्हनू देत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "कडेला नीट मार. कडा राहत्ये तुजी." माझ्या तळहातांना फोड आले. विमानात आईनं विचारलं तेव्हा मी ट्रंकेच्या दोरीचं नाव सांगितलं.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं एका खाटेवर राहिले. दोन वर्षांतून एकदा यायचे, चहा करायला शिकले होते. माझी बारावी गावाजवळच्या कॉलेजात झाली, वाईट झाली नाही. लग्न होऊन मी पुन्हा बहारिनलाच आले, हे माझं नशीब. आज मी झिंजमध्ये राहते आणि महिन्यातून एकदा सनाबिसकडच्या मॉलमध्ये जाते. समुद्र तिथून आणखी मागे ढकललाय आणि मैदानाच्या जागी गाड्या लावतात. मुलीला एकदा दाखवायला नेलं, तर तिनं चहूकडे बघून विचारलं, "विच कॉर्नर, मम्मा?" आणि मला सांगता येईना. डांबर सगळीकडे सारखंच सपाट आहे. मी गाडीतून उतरून उगाच टाच टेकवून बघितली.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई गावी असते. तिचे डोळे गेलेत, पण कान तसेच तिखट आहेत. आयुष्यात काही बिनसलं, म्हणजे घराला गळती लागली, म्हैस आटली, माझा नवरा आजारी पडला, की तिचं बोट त्या एका संध्याकाळवर जातं. गेल्या रविवारी फोनवरसुद्धा म्हणाली, "तुज्या बापसानं त्या दिशी व्हय म्हाराजा म्हटलान नाय, त्येचं हे सगलं." बाबा जिवंत असताना तिनं हे त्यांच्या तोंडावर किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. मी शेजारी बसलेली असायची. बाबा माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, मी चुकून काही बोलीन म्हणून. आणि मी बोलले नाही. बाबांनी मला लबाड ठरू दिलं नाही, पण गप्प बसून मी तेच झाले, रोज थोडी थोडी.

आईला वाचता येत नाही, आणि हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानावर जायला नको. म्हणून या सुट्टीत मीच तिच्याशेजारी अंगणात बसून हे सगळं, हरभऱ्यांपासून इथपर्यंत, मोठ्यानं वाचणार आहे. ती मध्ये बोलेल, बोलू दे. शेवट मी तिच्याचसाठी लिहिलाय. आई, बाबांनी होकार दिला नाही म्हणून त्या दिवशी देवानं ऐकलं नाही, असं नाही. खाऱ्या विहिरीची किल्ली मी काढली होती, आणि तो गोल माझ्या चिखलानं झाला. बाबांना ते चिमूटभर मातीवरून कळलं होतं. आता त्यांना बोल लावू नकोस.